दुसऱ्या टप्प्यातली वाडी

“बौद्धवाडीची लाईन सेकंड फेजमध्ये घेऊ,” ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष अनंतराव म्हणाले. डिलाईल रोडच्या चाळीतली मंडळाची खोली माणसांनी खच्चून भरली होती. पुढे बसलेल्यांनी माना डोलावल्या.

नळयोजना कोकणातल्या गावाची, पण गावात उरलेत म्हातारेकोतारे, बाकी सगळे मुंबईत. निर्णय होतात या खोलीत. मी परळच्या एका संस्थेत प्रोजेक्ट ऑफिसर. निधी देण्याआधी आम्ही गावाचं ‘सोशल कॅपिटल’ तपासतो, म्हणजे माणसं एकमेकांच्या भरवशावर किती कामं उरकतात ते. या गावाला पैकीच्या पैकी मार्क होते. शिमग्याला गेलेल्या मुंबईकरांनी पाइपसाठी सगळा चर खणून टाकला होता. बौद्धवाडीची माणसंही रजा टाकून राबली होती. आता पाइप कमी पडत होते.

मागून बौद्धवाडीचे तांबेकाका उठले. पोस्टातून रिटायर झालेला शांत माणूस.

“अध्यक्ष, आमच्यापर्यंतचा चर तयार आहे. पाइप पुरत नसतील तर घराघरात नळ नको. प्रत्येक वाडीत एक सार्वजनिक नळ द्या. सगळ्यांना पुरेल.”

“तांबे, एकोपा मोडू नका हां,” अनंतराव हसत म्हणाले. “गाव एकच आहे ना आपलं?”

ठराव तसाच मंजूर झाला. ऑफिसात येऊन सरांना म्हटलं, “सर, वाडी वगळून अप्रूव्ह नका करू.”

“अगं, कम्युनिटीचा डिसिजन आहे. आपण कोण मध्ये पडणार? आणि फंड परत गेला तर कुणालाच पाणी नाही.”

मी विरोध लेखी दिला. सरांनी तो फाइलला लावला आणि मंजुरीवर सही केली. गावात घरोघरी नळ आले. वाडीत नाही.

पुढच्या शिमग्यात पाहणीला गेले. तांबेकाकी डोक्यावर हंडा घेऊन वाडीची चढण चढत होत्या. मागे कळशी घेतलेले काका. वाडीकडचा चर मला कुठेच दिसेना.

“काका, चर कुठे गेला?”

“बुजवला आम्हीच. गुरं पडायची त्यात.”



सेकंड फेज अजून आलेली नाही. आमच्या वार्षिक अहवालात मात्र या गावाच्या लोकसहभागावर अख्खं पान आहे. फोटोत सगळ्यात पुढे, कुदळ उचललेले तांबेकाकाच आहेत. हल्ली एखाद्या गावाच्या एकीचं कौतुक कानावर आलं की मी आधी शेवटच्या वाडीत जाते.