उन्हात न वाकणारे खडू

ह्यांनी नारळ वाढवला आणि त्याचं पाणी कढईत पडलं. कढईत मेण कडकडीत तापलेलं, खाली विस्तव. पाणी पडताच मेण फसफसून वर आलं, काठावरून चुलीत उतरलं आणि जाळ छपराला भिडला. हे कढईवर वाकलेलेच होते. तोंडावर, सदऱ्यावर मेण उडालं आणि ते पेटले. मी शेडच्या दाराच्या आत ओवाळायचं तबक घेऊन उभी होते. तबक पडलं, माझे पाय हलले नाहीत. माझ्या नणंदेने, इंदूवन्संनी, कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं, ह्यांच्या अंगावर टाकलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. जळतं मेण चिकटतं, झटकून जात नाही. ते गोणपाटातून वर येत होतं तरी त्यांनी हात काढले नाहीत.

इंदूवन्सं गेल्या महिन्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी वारल्या. त्यांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. त्यांच्या एका विद्यार्थिनीने याच पुरवणीत त्यांच्याबद्दल मायेने लिहिलं, पण त्यात बाईंचे हात लहानपणी स्टोव्हच्या भडक्याने भाजले होते असंही लिहिलं. त्या मुलीचा दोष नाही. कुणी विचारलं की वन्सं स्वतःच "स्टोव्ह" म्हणून विषय संपवायच्या. तसं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही डोंबिवलीला राहत होतो. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, तिच्या मागे भातखाचरं. ह्यांनी मुंबईची रंगाच्या कारखान्यातली नोकरी सोडून मेणाचे रंगीत खडू करायला घेतले होते. तेव्हा मुलांचे खडू बाहेरदेशाहून यायचे. थंड मुलखातले ते, आपल्या वैशाखात डबीतच मऊ पडायचे, वाकायचे, एकमेकांना चिकटायचे. ह्यांनी झाडाच्या पानांवर धरतं असलं एक कडक मेण मुंबईच्या बाजारातून आणून साध्या मेणात मिसळलं. रंग जमला की नाही हे बघायचं काम वन्संचं. त्या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या. कागदावर रेघ ओढून म्हणायच्या, "दादा, हा पिवळा आहे की हळदीचा हात धुतलेलं पाणी?"

"तुला डोळे आहेत का गं?"

"मला आहेत म्हणून तर विचारतेय."

दोघं दिवसभर असे भांडायचे आणि दोघांना त्यात सुख होतं. मी कांड्यांना कागद गुंडाळायची.

जिल्ह्यातल्या कारखानदारांचं एक मंडळ होतं. दरवर्षी ठाण्याला प्रदर्शन भरवून नव्या देशी मालाला पदक द्यायचं. त्या वर्षी शाळेचं आणि चित्रकलेचं सामान घ्यायचं ठरलं. पदक मिळालं की व्यापारी माल ठेवणार, शाळा मागवणार. नाही मिळालं तर पुन्हा कुणाच्या तरी दारात नोकरी मागायला उभं राहायचं, हे ह्यांना माहीत होतं. परीक्षक आधी कारखाना बघायला येणार होते.

आता नारळाचं. शेडमध्ये पाण्याचा थेंब आणायचा नाही, असा ह्यांचा कडक नियम होता. आम्ही पदराला हात कोरडे करून आत जायचो. तांब्या आत नेला म्हणून हे एकदा माझ्यावर असे ओरडले होते की मी दोन दिवस बोलले नाही. आणि त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "एवढी मोठी माणसं येणार, आणि कढईपुढे नारळ नको?" तर सगळे हो म्हणाले. हे म्हणाले, वन्सं म्हणाल्या, मीही म्हणाले. नारळाचं पाणी हेही पाणीच, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. हंड्यातलं ते पाणी, नारळातलं ते देवाचं. परीक्षकांना खोळंबायला नको म्हणून विस्तव रोजच्यापेक्षा मोठा केला होता. त्यांचा टांगा वळणावर दिसला आणि ह्यांनी कढईच्या लोखंडी काठावर नारळ आपटला... पुढचं वर लिहिलं आहे. परीक्षकांनी टांग्यातूनच पाहिलं. त्याच टांग्यातून ह्यांना कल्याणला दवाखान्यात नेलं. दोन दिवस शुद्धीवर होते. नंतर गेले.

दिवसवार झाल्यावर मंडळाचे दोन गृहस्थ घरी आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. थोरले म्हणाले, "यंदाचं पदक तुमच्या चिरंजीवांच्या नावाने द्यायचं असं सर्वांचं मत पडलं आहे. दुःखात तेवढाच आमचा वाटा." सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि हात जोडले. वन्सं आतल्या दाराशी बसल्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. तिथूनच म्हणाल्या, "खडू पाहिलेत?"

"नाही. ते तर सगळे..."

"मग पदक कशाचं?"

"इंदूताई, आमची भावना समजून घ्या."

"भावना राहू द्या. मी नवे खडू करून देते. ते बाकीच्यांच्या मालाशेजारी उन्हात ठेवा. टिकले तर द्या."

सासूबाई ओरडल्या, "अगं, माझ्या लेकाच्या नावाचं पदक दारात आलंय, ते तू परत पाठवतेस?"

"आई, ते दादा मेल्याचं पदक आहे. खडू केल्याचं नाही."

गृहस्थ उठले. पंधरवड्याची मुदत देऊन गेले. सासूबाईंनी त्या दिवसापासून वन्संच्या हातचं पाणी घेतलं नाही.

कढई शिल्लक होती. अंगणात तीन दगड मांडले. वन्संना पळी धरता येत नव्हती, म्हणजे ढवळायचं मी. मी सांगितलं, "मी त्या कढईपाशी जायची नाही."

"बरं, मग मी जाते," म्हणून त्या पट्ट्या बांधलेले हात घेऊन उठल्या. मी शिव्या देत पळी उचलली.

"वहिनी, हात पुसलेस?"

"पुसले."

"परत पूस."

मेण ओतून कांड्या पडल्या की वन्सं दोन मनगटांच्या मध्ये कांडी धरायच्या आणि कागदावर ओढायच्या. पट्टीतून लस गळायची. लाल जमला, निळा जमला, हिरवा जमला. पिवळा जमेना. ह्यांनाही तो जमला नव्हता. मी म्हटलं, "पिवळा देऊच नका." तर म्हणाल्या, "पिवळ्याशिवाय पोरं सूर्य कशाने काढतील?" तसाच दिला.

ठाण्याला प्रदर्शनाच्या मांडवाशेजारी पत्र्याच्या छपरावर सगळ्यांचे खडू भर दुपारी मांडले. आम्ही दोघी समोरच्या भिंतीच्या सावलीला बसून राहिलो. उतरवले तेव्हा कुणाचे आडवे झाले होते, कुणाचे पत्र्याला चिकटले होते. आमचे सरळ होते. त्या थोरल्या गृहस्थांनी एक उचलून दोन्ही टोकांना धरून जोर लावला. खडू वाकला नाही, मोडला. मग कागदावर रंग पाहिले. पिवळ्यापाशी त्यांनी दोनदा रेघ ओढली आणि खडू खाली ठेवला.

पदक दुसऱ्या एकाच्या पाण्याच्या रंगांच्या वड्यांना गेलं. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं, एक छापील कागद. परत येताना वन्सं म्हणाल्या, "पिवळ्यात कमी पडलो. बरोबर दिलं त्यांनी." थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "पण वाकवून पाहिले गं, वहिनी. मनापासून जोर लावला." चेहरा असा, जणू जिंकून आलो आहोत.

मी असते तर आलेलं पदक मुकाट घेतलं असतं. तेव्हा तसं वाटलं, आजही वाटतं. उत्तेजनार्थला व्यापारी विचारत नाहीत. शेड परत उभी राहिली नाही. वन्सं शाळेत लागल्या, आम्ही नौपाड्यात आलो. त्यांना बघायला दोन स्थळं आली, हात पाहून गेली. सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "हातचं पदक घालवलं हिने." वन्सं भाकरी थापायच्या तशाच थापत राहायच्या, आखडलेल्या बोटांनी, जाड. उलट बोलल्या नाहीत, आणि आपलं चुकलं असंही कधी म्हणाल्या नाहीत. एकदाच मी विचारलं होतं, "घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" तर म्हणाल्या, "मग ते खडू खरंच चांगले होते का, हे मला कधी कळलं असतं?"

आग लागली तेव्हा शेडमध्ये तीन माणसं होती. हे कल्याणला वारले. वन्सं हात घालवून वाचल्या. मला काहीही झालं नाही.