रेडिओकाकूंची नॅशविल ट्रिप

अन्याय रेडिओकाकूंवर झाला. गेल्या वर्षी मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या वीकेंडला, शनिवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, नॅशविलमधल्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर. आम्ही सगळे नटूनथटून गाणं ऐकायला बाहेर पडलो आणि ज्या बाईमुळे आम्ही त्या शहरात आलो होतो, तिला तिच्या दोन नातवंडांजवळ खोलीत बसवून गेलो. कोणी आवाज चढवला नाही, कोणी रडलं नाही. म्हणूनच मला त्या संध्याकाळची आजही शिसारी येते.

काकू शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या शेजारीण. मुलाकडे, मनोजदादाकडे, अकरा वर्षं राहिल्या. शेगडीच्या वरच्या फळीवर त्यांचा रेडिओ असायचा आणि त्यावर सकाळपासून कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतली गावाकडची गाणी. पोळ्या त्याच ठेक्यावर लाटल्या जायच्या. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जेवायला जायचे, तेव्हा लाटण्याने ओट्यावर ताल देत म्हणायच्या, "ऐक, हा चक्क दादरा आहे." अमरावतीच्या भजनी मंडळात त्यांनी वीस वर्षं पेटी वाजवली होती. तालाबद्दल त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

"काकू, तुम्हाला यातलं इंग्लिश कळतं?" असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "ऑफिसातल्या लोकांचं घाईचं इंग्रजी नाही कळत बाई. हे लोक सावकाश रडतात. आणि रडताना ताल सोडत नाहीत."

अकरा वर्षांत त्यांनी एकच गोष्ट मागितली. मार्चमध्ये मनोजदादा आणि प्राचीवहिनी सुट्टीचं बोलत होते, तेव्हा काकू हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "नॅशविलला जाऊ या का? रेडिओवरचा तो शनिवारचा गाण्यांचा कार्यक्रम ज्या जुन्या हॉलमधून लागतो ना, तो एकदा बघायचाय." सगळ्यांना कल्पना आवडली. आमचंही कुटुंब सामील झालं. व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, कोणी काय करायचं याची शीट तयार झाली. आपण मराठी माणसं ट्रिपची शीट बनवतो तेवढ्या निष्ठेने दुसरं काही करत नाही.

त्या शीटमध्ये काकूंचं नाव दोनदा होतं. दशम्या-चटणी-मेतकूट या ओळीत एकदा, आणि 'मुलं' या ओळीत एकदा. तिकिटांच्या ओळीत नव्हतं.

"मी पण येते ना हॉलमध्ये?" काकूंनी विचारलं.

"आई, तीन तास बसवणार आहे का तुला? गुडघे बघ," दादा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"भजनाला चार तास मांडी घालून बसायचे मी."

"अगं, पण बोअर होशील. सगळं इंग्लिशच असतं."

हा माणूस अकरा वर्षं त्या रेडिओखाली जेवला होता. मग माझी आई गोड आवाजात म्हणाली, "आणि काकू, मुलं तुमच्याशिवाय कोणाकडे राहतात हो? तुमच्यासारखं कुणालाच जमत नाही." संपलं. कौतुक करून बांधून घालायची ही आपली खास रीत. शिवी दिली असती तर काकू भांडल्या असत्या. कौतुकाशी कशा भांडणार? "बरं," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

मी तिथेच होते. घरकामगार बायकांच्या हक्कांची पत्रकं मी शिकागोत स्टेशनाबाहेर वाटते. त्या दिवशी दादाच्याच डायनिंग टेबलावर त्यांच्या घड्या घालत बसले होते. 'तिचं काम हे काम आहे', ठळक अक्षरात, मीच लिहिलेलं. काकूंनी त्या गठ्ठ्याशेजारी माझा कप ठेवला. मी "थँक्यू काकू" म्हणाले आणि पुढची घडी घातली. पाच तिकिटं निघाली, पाचवं माझं.

हॉटेलमध्ये निघताना काकूंनी मला दारात थांबवलं. "ती आडवी ठेवून वाजवतात ती गिटार असते ना, तिचा सूर असा घसरत जातो बघ, पेटीवर मला कधी काढता आला नाही. डाव्या हातात काय धरतात ते नीट बघून ये."

मी म्हणाले, "काकू, माझ्या जागी तुम्ही जा. मी थांबते मुलांजवळ." पण कधी म्हणाले? सव्वासहाला, लिफ्ट येऊन उभी असताना, काकू घरच्या साडीत असताना. मार्चमध्ये म्हणायला हवं होतं. त्या हसल्या. "आता काय बाई. जा, उशीर होईल."

परत आल्यावर मी सांगितलं, हातात लोखंडाची छोटी कांडी असते.

"बोटं दिसली का?"

"नाही. खांब आडवा आला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि धाकट्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. तेवढ्यात मनोजदादा म्हणाला, "आई, तू मिस केलंस यार, काय माहोल होता." मला त्याच्या बोलण्याहून माझ्या मार्चमधल्या गप्प बसण्याची जास्त किळस आली.

ऑक्टोबरमध्ये काकू अमरावतीला परत गेल्या, कायमच्या. थंडी सोसत नाही म्हणाल्या. मुलं आता शाळेत जातात, हे कारण कुणी बोललं नाही. विमानतळावर मी रेडिओ पिशवीत घालून दिला, तो त्यांनी परत माझ्या हातात ठेवला. "राहू दे तुला. तिथे माझी पेटी आहे."

दिवाळी अंकात अशी व्यक्तिचित्रं वाचून आपण डोळे पुसतो आणि फराळाला बसतो. या वेळी ते करू नका. तुमच्या घरातही कुणाची आई, सासू, मावशी सहा महिन्यांसाठी किंवा सहा वर्षांसाठी आली असेल. अंक खाली ठेवा, स्वयंपाकघरात जा, तिला विचारा, "तुला कुठे जायचंय?" ती म्हणेल, "मला काय, तुम्ही न्याल तिथे." ते उत्तर मान्य करू नका. ती जागेचं नाव घेईपर्यंत तिथेच उभे राहा, आणि पहिलं तिकीट तिच्या नावाने काढा.