काचपट्टीवरचा पुरुषार्थ

सौंसरच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर वळूकडे बघतच नसत. शिंगं रंगवलेला, झूल चढवलेला वळू दारात उभा असला तरी ते सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी तेवढी बघत.

लोधीखेड्याचे एक पाटील एकदा आपल्या वळूचं वशिंड, छाती आणि खानदान ऐकवत होते. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "वळू बढिया आहे, पाटील. पण याच्या शुक्राणूंच्या शेपट्या गुंडाळल्या आहेत. जागच्या जागी गरगर फिरून राहिले. गाईंले काहून भाकड म्हणता?"

मग ते समजावत. शुक्राणूच्या डोक्यावरच्या टोपीत अंड्याचं कवच विरघळवायचा मसाला असतो, शेपटी तिथवर पोचवते. मानेत एक कण असतो, अंड्याचे पहिले दोन भाग नीट पडतात ते बहुधा त्याच्या भरवशावर. "यातलं एक बिघडलं, की वशिंड काय कामाचं?"

मी पांढुर्ण्याच्या शाळेत इतिहास शिकवायचो आणि गणेशोत्सवात स्त्रियांच्या उद्धारावर बोलायचो. घरी मूल नव्हतं. माझ्या बायकोचे, सुमतीचे, उपास आणि तपासण्या झाल्या होत्या. दिवाळीनंतर तिला कायमची माहेरी धाडायची म्हणून आई मोहगावला दुसरी मुलगी बघत होती. मला तपासावं असं कोणाला सुचलं नाही. मला तर नाहीच. माझी छाती भरदार होती.

त्या दिवशी पाटलांसोबत मीही दवाखान्यात गेलो होतो. तिथून आल्यावर मात्र माझी झोप उडाली. पांढुर्ण्यात सगळे ओळखीचे, म्हणून मी पुन्हा सौंसर गाठलं.

"सर, मी गुरांचा डॉक्टर आहो."

"म्हणूनच आलो. इथे मला कोणी ओळखत नाही."

"बाहेर बसले ते दोघं तुमचेच विद्यार्थी आहेत."

त्यांनी दार लावलं, माझा नमुना काचपट्टीवर घेतला आणि बऱ्याच वेळानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. "शेपट्या आखूड आहेत, सर. चालूनच नाही राहिले. नागपूरले माणसांच्या डॉक्टरकडून पक्कं करून घ्या. एकटेच जा. वहिनींचं तिथं काही काम नाही."

नागपूरच्या डॉक्टरांनी तेच इंग्रजीत सांगितलं. मी ते आईला मराठीत सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "मंग दुसरी आणली असती तं तिलेही आपण असंच बोललो असतो." मोहगावचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे डॉक्टरांची बदली झाली. ते एसटीत बसत होते तेव्हा मी त्यांना विचारलं, "आता मी काय करू?"

"आमच्याकडे असा वळू गाड्याले जुंपतात. तुम्हीही घरात काही कामाले लागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीऐवजी मी विहिरीवर पाणी आणायला गेलो. अर्धी बादली अंगावर सांडून घरात आलो, तेव्हा सुमती हसली. त्या घरात तिचं हसणं ऐकू येतं, हे मी विसरूनच गेलो होतो.