दौंडहून शिरूरला, कृष्णविवरं ऐकायला

पुण्यात कृष्णविवरांवरच्या संशोधनासाठी माझी निवड झाली आणि घरात धुसफूस सुरू झाली. कुरकुंभच्या औषध कारखान्यात, लॅबमध्ये, मी नुकतीच कायम झाले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले माझे वडील, आप्पा, एकच धरून बसले होते. "नोकरी सोडून आकाशातली भोकं मोजणार व्हय?" शिरूरच्या कॉलेजात रविवारी कृष्णविवरांवर व्याख्यान आहे असं कळलं, तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, एकदा ऐका. मग काय ते बोला."

तुम्हाला जायचं असेल तर सकाळीच निघा. चौफुल्याला एसटी बदलावी लागते. तिथला चहा झकास. भजी मात्र समोर तळत असतील तरच घ्या. पारगावला भीमा ओलांडली की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. तोडणीच्या दिवसांत हाताशी वेळ ठेवा. आम्ही गेलो त्या रविवारी न्हावऱ्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली होती आणि रस्ता बंद!

"चल माघारी," आप्पा म्हणाले.

"न्हावरं जवळच आहे. मी चालत जाते." मी खरंच उतरून निघाले. जरा वेळानं मागून त्यांच्या वहाणांचा आवाज आला.

न्हावऱ्यात दुधाच्या टेम्पोवाल्यानं पुढे बसवून घेतलं. "कॉलेजात काय हाय?" त्यानं विचारलं. कृष्णविवर म्हटल्यावर म्हणाला, "म्हंजी इहिर?"

"तशीच. पण आत गेलेला उजेडसुद्धा वर येत नाही."

"मग नगं बा," म्हणत त्यानं गिअर टाकला.

आम्ही पोचलो तेव्हा व्याख्यान रंगात आलं होतं. मागं भिंतीला टेकून उभे राहिलो. पुण्याहून आलेल्या प्राध्यापक बाई सांगत होत्या, की ग्रहताऱ्यांना गुरुत्वाकर्षणाचे नियम लागू पडतात आणि अणूंना क्वांटमचे. पण प्रचंड तारा कोसळून कृष्णविवर झालं की त्याच्या पोटात दोन्ही एकदम लागतात, आणि तिथं गणित कोलमडतं. दोन्हींना सांधणारा सिद्धांत अजून कुणाकडेच नाही.

प्रश्नांच्या वेळी आप्पांनी हात वर केला.

"बाई, जल्मभर हुडकून न्हाई घावलं तर?"

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "नाही सापडणार कदाचित. पण कुठल्या वाटा बंद आहेत ते पुढच्यांना कळेल. मी तेवढ्यावरही राजी आहे."

परतीच्या गाडीत आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. आप्पा खूश नव्हते, आजही फारसे नाहीत. पण त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "त्या दोन नियमांतला तू कुठला धरणार?"

"दोन्ही."

"मग येळ लागंल," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली.