पैज दसऱ्याची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, देवापुढं तर मुळीच नाही — तिथंही मी गोडच बोलतो.

आर्णीत माझं कटलरीचं दुकान आहे. टिकल्या, बांगड्या, क्लिपा. 'ताई, हा रंग तुमच्यासाठीच आला' म्हटलं की बाई हसणार आणि घेणार. त्याचा मला माज होता. आता दाढी करताना आरशातल्या त्या थोबाडाची चीड येते.

समोर वैशालीचं पिको-फॉलचं दुकान होतं. सोडचिठ्ठी घेऊन ती भावाकडे राहायला आलेली. मशीन होती म्हणून त्या घरात तिला किंमत होती. ती कुणाकडे मान वर करून बघत नसे. पानठेल्यावरच्या मित्रांनी मला डिवचलं आणि मी पैज लावली — दसऱ्याला ही आपणहून माझ्या दुकानात येऊन, सगळ्यांसमोर, पहिलं सोनं मला देईल. हरणाऱ्यानं मटणाची पार्टी द्यायची. आता आपट्याची पानं काय, कुणीही कुणालाही देतं. पण घरचे सोडून, सोडचिठ्ठी झालेल्या बाईनं पहिलं सोनं परक्या माणसाच्या हातावर ठेवलं, तर गाव काय समजेल? मला ठाऊक होतं. म्हणून तर लावली, नालायकानं!

मग दोरे, बटणं घेऊन तिच्याकडे चकरा सुरू केल्या. एकदा म्हटलं, हा रंग तुमच्यासाठीच आला. मशीन न थांबवता ती म्हणाली, "हे तं तुमी काल त्या काकूलेही म्हनलं."

तोंडात मारल्यासारखा उभा राहिलो. आणि — कसं सांगू? — तिथंच फसलो. खरंच जीव जडला. दुकानात गिऱ्हाईक बोलत असायचं आणि माझे कान तिच्या मशीनकडे. पाठ केलेलं एकही वाक्य तिच्यापुढं फुटेना. तेव्हाच तीही माझ्याशी मोकळं बोलू लागली. तेव्हाच पैज मोडायची होती ना? मित्र हसतील म्हणून मोडली नाही. एवढा मी भित्रा!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनंच विचारलं, "उद्या सोनं द्यायले येऊ का? पह्यले तुमालेच देईन."

येऊ नको म्हणायला काय लागत होतं? मी म्हटलं, "ये."

ती आली. नवी साडी, ओंजळीत पानं. ठेल्यावरचे सगळे दारात, एकाचा मोबाइल चालू. तिनं पानं माझ्या हातावर ठेवली आणि टाळ्या पडल्या. "जिंकला बे! मटन आमच्याकडं!" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हसलो — हो, हसलो — आणि म्हणालो, "म्या काय केलं बे? हेच माह्या मांगं लागली."

दुसऱ्या दिवशी, पैजेचं बोलणं कापलेला, तो व्हिडिओ गावभर होता. घरी तिनं सांगितलं की यानंच 'ये' म्हटलं होतं. ते खरं की खोटं, हे विचारायला तिचा भाऊ माझ्याकडे आला. वाटलं, मारेल. मारायलाच हवं होतं. त्यानं विचारलं, "खरं सांगा शेठ, तुमी बलावलं होतं का तिले?"

मी म्हटलं, नाही.

"मंग माफी द्या. आमच्या पोरीनं फुकट तुमची बदनामी केली." त्यानं हात जोडले.

मी म्हटलं, जाऊ द्या, होतं असं. त्याच्यासाठी चहाही मागवला. चहा पिऊन तो समोर गेला आणि तिच्या देखत मशीन उचलून ऑटोत टाकली. ती एकदाच माझ्या दुकानाकडे वळून उभी राहिली. मी गल्ल्यावरून उठलो नाही.