बी-सत्तावीस निघालं!

रक्ताच्या बाटल्या आम्ही ठरलेल्या दिवसांनी टाकून देतो. माणसांचं बोलणं मात्र टाकता येत नाही, ते साचत जातं. अमरावतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त काढतात सलीमभाई, मशीनवर मी आणि रिपोर्टवर सही डॉक्टर मॅडमची. आमच्याकडं बी-सत्तावीस नावाची एक तपासणी होते. जीनचा एक विशिष्ट प्रकार अंगात आहे की नाही, एवढंच ती सांगते. तो असला की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच मणक्यावर उलटायचा धोका वाढतो. वाढतो, बस्स. होईलच असं नाही. आणि हे ‘होईलच असं नाही’ माणसाला एका जागी बसू देत नाही!

*

मोर्शीचे एक काका, संत्र्याची बाग असलेले. रिपोर्ट पॉझिटिव्ह.

“पॉझिटिव्ह म्हंजे चांगलंच न, मॅडम?”

मॅडमनी समजावलं, “काका, जीन आहे, पण आजार होतोच असं नाही. खूप जणांना जन्मभर काहीच होत नाही.”

काका खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

“म्हंजे मृगाच्या बहारावानी झालं! झाड हाय, पण बहार येईन का नाई, कोणी सांगू शकत नाई.”

मॅडम म्हणाल्या, “मला हे एवढं सोपं करून सांगता आलं नसतं!”

*

एका वकिलांचा कॉलेजात जाणारा मुलगा. पाठ दुखायची, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. वकिलांच्या आई लॅबमध्येच कडाडल्या, “आमच्या घराण्यात सारे ताठ कण्याचे! हे सुनेच्या माहेरून आलं.”

सूनबाईंनी सरळ हात पुढं केला. “काढा माझं रक्त. यांचंही काढा.”

सूनबाई निगेटिव्ह. वकीलसाहेब पॉझिटिव्ह! त्यांची पाठ आयुष्यात एक दिवस दुखलेली नव्हती.

“मशीन बिघडली असन,” आई म्हणाल्या.

सूनबाई म्हणाल्या, “आई, वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूनं बोललं. तिले तरी बिघडली म्हणू नका!”

तेवढ्यात मुलगा म्हणाला, “कोणाकडूनही येऊ द्या, दुखून तं मले राहिलं न!”



*

चांदूर बाजारचे अनिल आणि सुनील. जुळे भाऊ, हुबेहूब एकसारखे. जीन दोघांतही. पण आजार फक्त सुनीलला. अनिल ठणठणीत, धान्याची पोती उचलतो. तरी दर दोन महिन्यांनी लॅबच्या दारात तोच उभा.

“पुन्हा एकदा पाहून घ्या न, सर.”

मी म्हटलं, “अरे, जीन काही बदलत नाही!”

“सर, त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं. मी तं वाट पाहून राहिलो न!”

एकदा सुनीलच त्याला हाताला धरून घेऊन आला. “मॅडम, याले काहीतरी गोळी द्या. माह्यापेक्षा बिमार हाच हाय!”

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

*

माझा मोठा भाऊ अकोल्याला शिक्षक आहे. त्याला हाच आजार आहे. मान वर होत नाही, फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येत नाहीत. माझी पाठ ठीक आहे. तपासणी मी केलेली नाही. “उद्या करू,” म्हणतो.

परवा दादा त्याच्या मुलीला, गौरीला घेऊन लॅबमध्ये आला. गौरी सोळा वर्षांची, कबड्डी खेळते. तिनं सकाळी नुसता आळस दिला, तरी दादा विचारतो, “पाठ आखडली का?”

मॅडम म्हणाल्या, “हिला काही त्रास नाही. तपासणी कशाला?”

दादा ऐकेना. सलीमभाईंनी गौरीच्या दंडाला पट्टा बांधला, सुई हातात घेतली.

गौरीनं विचारलं, “मॅडम, निघालं तर मी काय करायचं?”

“खेळत राहा. सकाळी पाठ आखडायला लागली, तर लगेच दाखव.”

“आणि नाही निघालं तर?”

“तेच.”

गौरीनं स्वतःच पट्टा सोडला.

दादा म्हणाला, “अवं, पण मले माहीत तं पडलं पाह्यजे न!”

“बाबा, भीती तुमाले वाटून राहिली, अन् रक्त माहं काहून?”

ती बाही खाली करून बाहेर गेली.

सुई तशीच हातात धरून सलीमभाईंनी आधी दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“अब बोलो भाई, खून किसका निकालूँ?”