भिंतीपलीकडची आई

कुवेतमध्ये बनेद अल-गारला समुद्राजवळ आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा पन्नासचं दशक सरत आलं होतं. पदरात चार वर्षांचा मुलगा आणि तीन महिन्यांची मुलगी. नवरा दूर तेलाच्या विहिरींवर, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. मी पुण्याची, त्यातून हट्टी. कुणापुढे हात पसरायचा नाही हा माझा बाणा.

त्या उन्हाळ्यात मी तापानं आडवी झाले आणि अंगावरचं दूध आटलं. डब्यातली दुधाची पावडर मुलीला पचेना, पाजलं की ओकायची. दुसऱ्या दिवशी तिचं रडणंही बारीक झालं, टाळू खोल गेली. मला उठवत नव्हतं. पोर हातची जाणार, एवढंच कळत होतं.

रडणं ऐकून भिंतीपलीकडची कुवेती बाई आली. तोवर आमचं नुसतं मान हलवण्यापुरतं बोलणं. तिनं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातानंच विचारलं. मी हो म्हटलं. ती खाली बसली, वरून पांघरलेला काळा अबाया सारला आणि माझी लेक छातीशी घेतली. तिच्याही घरी तान्हं होतं. मुलगी आधी चाचपडली, मग घटाघटा प्यायला लागली. तो आवाज ऐकून मी ढसाढसा रडले.

नवरा आला, डॉक्टर आले, मी हिंडूफिरू लागले. दूध मात्र परतलं नाही, म्हणून ती रोज येतच राहिली. पुढे मुलीला वरचं दूध पचायला लागलं. आता उपकार फेडायला हवेत असं माझ्या मनानं घेतलं. लग्नातली पैठणी आणि बेसनाचे लाडू मी नवऱ्याबरोबर पाठवले. लाडू राहिले, पैठणी परत आली. वर ती दोन दिवस फिरकलीच नाही. मला रागच आला. एवढी भारी साडी नाकारायची म्हणजे काय!

बाजारात कापडाचं दुकान असलेल्या रत्नागिरीच्या एका मुसलमान कुटुंबाशी आमचा घरोबा होता. त्या घरच्या बाईला अरबी येत होतं. माझं गाऱ्हाणं ऐकून ती शेजारणीशी बोलून आली आणि माझ्यावरच डाफरली.

"काय केलंस गो बाय? आईला कोण मजुरी देतो? तुझी पोर तिचं दूध प्याली, म्हणजे आमच्या धर्मात ती तिची लेक झाली. तिचे चारही मुलगे हिचे भाऊ. सख्ख्यासारखे. त्यांच्याशी हिचं लग्नसुद्धा व्हायचं नाय कधी."

मी थक्क झाले. नाती रक्ताची नाहीतर लग्नाची, एवढंच मला ठाऊक. इथे मी तापात पडलेली असताना माझ्या मुलीला आई आणि चार भाऊ मिळाले होते, आणि मी साडी देऊन तो हिशोब मिटवायला निघाले होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मुलीला कडेवर घेऊन मी तशीच तिच्या दारात गेले. माफी कशी मागायची ते येत नव्हतं. तिनं दार उघडलं. या वेळी तिनं हातानं काही विचारलं नाही, सरळ माझ्या कडेवरून तिची लेक उचलून घेतली आणि आत गेली.